फक्त मनगटापर्यंत

भिवंडीजवळ मानकोलीच्या गोदामात गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या मालाचे फोटो काढायचं काम धम्मदिनाकडे होतं. मिक्सर असो, बूट असो की बाळाचा पाळणा, प्रत्येक वस्तूचे सहा बाजूंनी सहा फोटो. मागे राखाडी कागद, शेजारी पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या मुलीने फुटके मिक्सर काय बघत बसायचं, असं तिची मावशी दर सणाला विचारायची. धम्मदिनाला मात्र वस्तू नीट बघायचा पगार मिळतो, याचंच अजून नवल वाटत होतं.

तिचा छंदही बघण्याचाच होता. ती चाकू जमवायची. सुरुवात आजोबांच्या पितळी मुठीच्या घडीच्या चाकूपासून झाली. आता तिच्याकडे अकरा चाकू होते, बिस्किटांच्या डब्यात, प्रत्येक वेगळ्या कापडात गुंडाळलेला. आई म्हणायची, “लोकांच्या पोरी बांगड्या जमवतात.” पण भाजी चिरायची वेळ आली की डब्यातलाच चाकू मागायची.

हा छंद असलेली माणसं तिला मोबाइलवर भेटली. ‘धार आणि मूठ’ नावाचा ग्रुप, चोवीसशे सभासद. तो चालवायचे नरेंद्रकाका, कोल्हापूरकडचे निवृत्त फिटर. त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या नियमांना सगळे वचकून होते. चाकू कापडावर किंवा लाकडावर आडवा ठेवायचा. टोक बघणाऱ्याकडे रोखायचं नाही. किंमत लिहायची नाही. घराची पाटी, खिडकीतून दिसणारं दुकान, काही फोटोत येता कामा नये. वस्तू दुसऱ्याची असेल तर त्याला विचारलं आहे असं लिहायचं, आणि घडवणाऱ्या लोहाराचं नाव माहीत असेल तर ते पहिल्याच ओळीत. सगळ्यांत कडक नियम हाताचा. फोटोत हात नको. कोयते नाचवत रील काढणारी पोरं पोलिस जिथे तिथे उचलत होते, आणि त्या धुरळ्यात आजीचा अडकित्ता जपणाऱ्या माणसाकडेही संशयाने बघितलं जायचं. “चाकू दाखवा, स्वतःला दाखवू नका,” असं काकांनी वरतीच लिहून ठेवलं होतं.

धम्मदिनाला हे नियम फार आवडायचे. प्रयोगवहीसारखे वाटायचे.

देवू त्याच गोदामात माल चढवायचा. तेवीस वर्षांचा, डोंगराकडच्या पाड्यावरचा, बोलायला मोकळा. एकदा ती परत आलेली एक सुरी डोळ्यासमोर धरून तिची कड तपासत होती, तेव्हा तो खोका खांद्यावर घेऊनच थांबला.

“ताई, हे काय बघता? हे खेळणं हाय. बघायची तर माझ्या आज्याची कोयती बघा. माझ्या बापापेक्षा जुनी हाय.”

“कुठल्या लोखंडाची?”

“ते कोयतीलाच विचारा,” देवू म्हणाला आणि हसत निघून गेला.

पुढच्या रविवारी ती पट्टी, राखाडी कागद आणि मोबाइल घेऊन त्यांच्या पाड्यावर पोचली. देवूचा आजा दामू अंगणात बसून बांबू सोलत होता. कमरेला दोरी, दोरीला मागच्या बाजूला लाकडी आकडी, आणि कोयती कामात नसली की त्या आकडीत. धम्मदिनाने हात पुढे केला. म्हाताऱ्याने कोयती तिच्या हातात न देता जमिनीवर ठेवली, मूठ तिच्याकडे करून.

“हातात न्हाय देत आमी. भांडान होतं,” तो म्हणाला. “भुईवरून उचल.”

तिने उचलली आणि तिला एकदम नरेंद्रकाकांची आठवण झाली. टोक बघणाऱ्याकडे रोखायचं नाही. हा माणूस त्यांच्या ग्रुपमध्ये सहज शोभला असता.

पातं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलेलं होतं. घडवणारा राघो लोहार कधीच वारला होता. मूठ खैराची, आणि तिच्यावर बोटांचे चार खळगे पडलेले. कुणी कोरले नव्हते, पन्नास वर्षं एकच हात पडून पडले होते. धम्मदिनाने मोजलं, सगळ्यांत खोल खळगा चार मिलिमीटरचा. मग देवूने सहज मूठ पकडली आणि त्याची बोटं त्या खळग्यांत अशी बसली की जणू मापच घेतलं होतं. आज्याचा हात आणि नातवाचा हात एकाच मापाचा! हे चोवीसशे लोकांना दाखवलं नाही तर काय दाखवायचं?

“बाबा, फोटो काढले तर चालतील?”

“काढ की. पर दावनार कुनाला?”

“चाकू जमवणाऱ्या लोकांना.”

“जमवून काय करतात?”

“बघतात.”

दामूने बांबूवरून मान वर केली. “कामं न्हाईत का त्यांना?”

देवू हसला, मग जरा गंभीर झाला. “माझं तोंड नको हां ताई. नव्या गोदामात फोर्कलिफ्टवर घेतायत मला, कायम. शुक्रवारी पोलिस पडताळणी हाय. उगाच कोयतीबरोबर फोटो नको.”

“हात दिसेल फक्त,” ती म्हणाली. “फक्त मनगटापर्यंत. शब्द देते.”

पाच फोटो सहज निघाले. सहावा अडला. लोहाराने तापवून, पाणी देऊन कडक केलेली कड आणि मागचं मऊ लोखंड यांच्यामध्ये ढगाळ रेघ असते, ती तिला हवी होती. पण अंगणात झाडाची सावली होती आणि रेघ काही दिसेना.

“वर धर जरा देवू. आभाळाचा उजेड पडू दे पात्यावर. अजून वर.”

“ठेव रे ती खाली,” दामू ओरडला. “हवेत कोयती कोन धरतं? हवेत काय कापायचं हाय?”

आजा चिडला म्हणून देवूला हसू फुटलं. तेवढ्यात धम्मदिनाने बटण दाबलं. रेघ सुरेख आली होती.

फोटोत हात दाखवायची परवानगी तिने काकांकडे रीतसर मागितली. दोन दिवसांपूर्वी त्यांनी एकाला अंगठा दिसला म्हणून झापलं होतं, पण खळग्यांची गोष्ट वाचून ते विरघळले. “बरं. एकदाच. फक्त मनगटापर्यंत,” त्यांनी लिहिलं. योगायोगाने शब्द तेच.

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने तो सहावा फोटो मनगटापर्यंत कापला आणि दुसऱ्या नावाने साठवला. नुसता फोटो पाठवला की मोबाइल तो दाबून लहान करतो आणि पोलादाची ढगाळ रेघ धुऊन निघते, म्हणून तिने तो फाइल करून पाठवला. फाइलींच्या यादीत चित्र दिसत नव्हतं, नुसती लांबलचक नावं दिसत होती, आणि दोन नावांत शेवटचा एकच आकडा वेगळा होता. तिने मजकूर तीनदा तपासला. लांबी, रुंदी, वजन, राघो लोहाराचं नाव. फाइलच्या नावातला आकडा तपासला नाही.

अडतीस मिनिटांनी काकांचा निरोप आला. “मुली, काय पाठवलंस ते उघडून बघ.”

तिने उघडलं. आभाळाकडे उगारलेली कोयती, बनियन, ताणलेला दंड, आणि देवूचं अख्खं तोंड, दात विचकून हसणारं. अंगणात ते हसू वाटलं होतं. छोट्या पडद्यावर ते दुसरंच काहीतरी वाटत होतं.

काकांनी फाइल काढून टाकली. मग विचारलं, “ज्याचा फोटो आहे त्याला सांगितलंस का?”

“सांगते,” तिने लिहिलं.

आणि सांगितलं नाही. त्याऐवजी तिने हिशोब मांडला. चोवीसशे सभासद, त्यातले भर दुपारी ग्रुप बघणारे फार तर शंभर. एवढी जड फाइल उघडणारे त्यांच्यातले दहा. ती उतरवून पुढे पाठवणारे दहातले किती? तिचं उत्तर एकाच्या खाली आलं. अर्ध्या माणसासाठी देवूला कशाला घाबरवायचं? मंगळवारी तो तिच्या टेबलाजवळून तीनदा गेला. तिन्ही वेळा तिने खाली मान घालून बुटांचे फोटो काढले.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत डिस्पॅचचा भावेश बाकावर उभा राहून ओरडला, “अरे हटो हटो, भाई आया! रास्ता दो भाई को!” बाकीचे खिदळले. देवू डबा घेऊन दारात उभा होता, काय चाललंय ते न कळून अर्धवट हसत. भावेशने मोबाइल त्याच्यासमोर धरला. ढोल वाजत होते, फोटो गदागदा हलत होता आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘भिवंडी का बाप’.

देवूचं हसू गेलं. त्याने डबा खाली ठेवला आणि सरळ धम्मदिनाच्या टेबलापाशी आला.

“ताई, हा तुमचाच फोटो ना?”

“हो. चुकून अख्खा गेला. मी लगेच काढायला...”

“कधी कळलं तुम्हाला?”

“सोमवारी.”

“आज बुधवार हाय, ताई,” देवू म्हणाला.

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने टेबलावरची पट्टी उचलली, नीट सरळ करून परत ठेवली आणि कामाला गेला. डबा तसाच राहिला.

संध्याकाळी तिने पहिल्यांदाच नरेंद्रकाकांना फोन लावला. आवाज अपेक्षेपेक्षा म्हातारा होता.

“त्या दिवशी सांगितलं असतंस तर पोराला दोन दिवस मिळाले असते,” ते म्हणाले. “चूक माझीही आहे. हाताला परवानगी मीच दिली.”

“मी काय करू, काका? रील काढून टाकायला लावता येईल?”

“आपल्यातल्याच भिवंडीकडच्या एका कॉलेजच्या पोराने फोटो मित्राला दाखवला, त्याने ढोल लावले. पोरगा मघाशी रडत कबूल झाला. मूळ रील जाईल. पण नकला राहतील, त्यांच्यामागे किती धावशील? खोडून भागत नाही, मुली. जेवढ्या मोठ्याने चुकलीस तेवढ्या मोठ्याने दुरुस्त कर. ग्रुपवर लिही. कुणाचं नाव नको, गाव नको, पण वर धर असं कोण म्हणालं ते लिही.”

तिने लिहिलं. चार ओळी लिहायला दीड तास लागला. ‘हात उगारलेला नव्हता. पोलादाची रेघ दिसावी म्हणून मी तो वर धरायला लावला. धरणाऱ्याच्या आजोबांनी मला तेव्हाच हटकलं होतं. चेहरा दाखवणार नाही असा शब्द मी दिला होता आणि तो मोडला.’ खाली पहिलं उत्तर आलं ते नाशिककडच्या एका शेतकऱ्याचं. त्याने ऊस तोडतानाचा स्वतःच्या कोयत्याचा फोटो टाकला होता. मग एकीने नारळ सोलतानाचा टाकला. नियम धडाधड मोडले जात होते आणि काका गप्प होते. सकाळपर्यंत असे एकसष्ट फोटो झाले, आणि रीलच्या जिथे जिथे नकला सापडल्या तिथे ग्रुपमधलं कुणीतरी जाऊन लिहून येत होतं, हे शेतीचं हत्यार आहे, हा माणूस कुणाला धमकावत नाहीये.

गुरुवारी ती देवूला म्हणाली, “उद्या मी तुझ्याबरोबर येते.”

“तुम्ही येऊन काय करनार?”

“वर धर असं मी म्हटलं होतं. ते मीच सांगायला हवं.”

देवूने खांदे उडवले. “या. आजा पन येतोय. मी नको म्हटलं तर माझ्यावरच खेकसला.”

शुक्रवारी सकाळी दामू पोलिस ठाण्याच्या फाटकापाशी दिसला तेव्हा धम्मदिना धावतच त्याच्याकडे गेली. धुतलेला सदरा, टोपी, आणि कमरेला आकडीत कोयती.

“बाबा, ही कशाला आणली?”

“तिच्यावरून भानगड हाय ना? मंग तिला नको का आनायला?”

फाटकावरचा शिपाई खुर्चीतून अर्धा उठला. “ओ आजोबा! ते काय आहे? द्या इकडे!”

“हातात न्हाय देत,” दामू म्हणाला, आणि सावकाश वाकून कोयती फरशीवर ठेवली, मूठ शिपायाकडे करून. शिपाई कोयतीकडे बघतच राहिला. आवाज ऐकून आतून उपनिरीक्षक क्षितिजा मॅडम बाहेर आल्या. चाळिशीच्या आत, हातात चहाचा कप. त्यांनी फरशीवरची कोयती बघितली, देवूकडे बघितलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली. रील त्यांच्यापर्यंत पोचली होती हे कुणाला विचारावं लागलं नाही.

“तूच का तो बाप?” त्यांनी विचारलं.

“न्हाय मॅडम,” देवू कसाबसा म्हणाला. “माझं लग्न पन न्हाय झालेलं.”

शिपायाने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. धम्मदिना पुढे झाली. रात्रभर पाठ केलेलं सगळं विसरून तिने एका दमात सांगितलं, गोदाम, छंद, पाण्याची रेघ, चुकीची फाइल, आणि सोमवारी कळून बुधवारपर्यंत गप्प बसल्याचंही. शेवटचं सांगायची गरज नव्हती. पण सहा बाजू दाखवायच्या तर ती सहावी होती.

क्षितिजा मॅडमनी शांतपणे ऐकलं. “तू म्हणतेस म्हणून मी मानू?”

“मी सगळे फोटो आणले आहेत. जसे काढले तसे, वेळेसकट.”

त्यांनी मोबाइल घेतला आणि एकेक बघत गेल्या. कोयती राखाडी कागदावर. कोयती पट्टीशेजारी. मूठ जवळून, पातं जवळून, आकडी. मग तो सहावा. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि बोट सरकवलं. सहाव्यानंतर अजून एक होता. धम्मदिनाने तो चुकून निघालेला म्हणून कधी नीट पाहिलाही नव्हता. हललेला, वाकडा, आणि त्यात डाव्या बाजूने एक म्हातारा हात उगारून फोटोत घुसत होता. हातात अर्धा सोललेला बांबू.

“हे कोण?”

“मीच की,” दामू म्हणाला.

“काय करत होतात?”

“ठेव खाली म्हनत होतो. हवेत काय कापायचं हाय? पर ही पोरगी ऐकंल तर ना. तिला ढग बघायचा व्हता लोखंडात.”

मॅडमच्या कपाळावरची आठी सुटली. त्यांनी कप भिंतीच्या कठड्यावर ठेवला, वाकून कोयती भुईवरून उचलली आणि मूठ पकडून बघितली. त्यांची बोटं खळग्यांत बसली नाहीत. मग त्यांनी ती परत फरशीवर ठेवली, मूठ दामूकडे करून.

“आजोबा, पुन्हा ठाण्यात येताना ही घरी ठेवून या. आणि तू,” त्या देवूकडे वळल्या, “तुझ्यावर तक्रार कुणाची नाही. मागे कधी होती?”

“न्हाय मॅडम.”

“मग आत चल, अर्ज भर. ती रील अजून कुठे कुठे फिरेल, ते माझ्या हातात नाही. मी जे बघितलं ते मी लिहीन.” आणि आत जाता जाता धम्मदिनाला म्हणाल्या, “हललेले फोटो पुसत जाऊ नकोस.”

बाहेर पडल्यावर तिघं टपरीवर चहा प्यायले. बुधवारनंतर पहिल्यांदाच देवू तिच्याकडे बघून धड बोलला. “ताई, पुढच्या टायमाला काही झालं तर त्याच दिवशी सांगायचं. मी घाबरलो तर घाबरंन. पर माझं घाबरनं माझं हाय.”

“हो,” ती म्हणाली. त्यावर हिशोब मांडण्यासारखं काही नव्हतं.

त्या रविवारी ती पुन्हा पाड्यावर गेली. मोबाइल पिशवीतच ठेवला. दामू कुंपणासाठी कारवीच्या काठ्या तोडत होता. ती दोन तास काठ्या मोजून जुड्या बांधत बसली. शेवटी त्यानेच विचारलं, “आज फोटो न्हाय का?”

“काढू?”

“काढ. कापताना काढ. तवाच ती दिसते.”

आणि खरंच, काठीवर उतरणाऱ्या पात्यावर तिरका उजेड पडला तेव्हा ढगाळ रेघ स्पष्ट चमकून गेली. दामूचा हात, खळग्यांतली बोटं, छाटलेली काठी. मनगटाच्या वर काही नाही. पाठवायच्या आधी तिने फाइल उघडून दामूला दाखवली, मग देवूला. देवूने दोन बोटांनी मोठी करून चारही कोपरे तपासले. “जाऊ द्या,” तो म्हणाला.

नरेंद्रकाकांनी फोटो ग्रुपच्या वरती लावून ठेवला आणि त्याच संध्याकाळी हाताचा नियम बदलला. नवा नियम लांबलचक नव्हता. हात दिसला तर कामही दिसलं पाहिजे, आणि ज्याचा हात त्याने आधी बघितलं पाहिजे.

पडताळणीचा कागद यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस भावेश देवूला भाई म्हणत राहिला, मग इतरांना कंटाळा आला आणि त्यालाही आला. बाराव्या दिवशी देवू माल चढवायला आला नाही. धम्मदिनाने एका परत आलेल्या कुकरचे फोटो काढायला घेतले, पट्टीसाठी खण उघडला, तर पट्टी जागेवर नव्हती.

दुपारी मोबाइल वाजला. देवूने फोटो पाठवला होता. पलीकडच्या नव्या गोदामातली पिवळी फोर्कलिफ्ट, तिच्यात तो बसलेला, अंगात नवं जॅकेट, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पुढच्या दोन लोखंडी दात्यांवर उचललेला माल. तोंड अख्खं दिसत होतं, दात विचकून हसणारं. आणि गाडीच्या पुढच्या खांबाला चिकटपट्टीने तिची पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी लावलेली होती.

खाली लिहिलं होतं, “ताई, मी बघितला. जाऊ द्या ग्रुपवर. चाकू न्हाय, पर काकांना विचारा.”